आला मेला!

रायगडच्या किनाऱ्यावर पक्षी दोन तऱ्हांनी पाहतात. मुंबईहून आलेली माणसं दुर्बिणीतून पाहतात आणि इथली माणसं शिव्या देत पाहतात. पहिल्या तऱ्हेला पक्षीनिरीक्षण म्हणतात. त्यासाठी मातकट कपडे, भरपूर खिशांचं जाकीट आणि पहाटे उठायची तयारी लागते. दुसऱ्या तऱ्हेला अजून कोणी नाव दिलेलं नाही, कारण आपण काही विशेष करतो आहोत हे ती करणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आमचं घर मुरूड तालुक्यात आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला फणसाडचं जंगल, मध्ये नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या मधोमध आत्या. फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि तिथल्या प्राण्यांना अभय मिळालं. मात्र अभयारण्याची हद्द कुठे संपते हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलं नाही. ते आपलं अभय बरोबर घेऊनच आमच्या वाडीत उतरतात.

आत्या ऐंशीच्या घरात आहे. दिसत नाही, अशी तिची कायमची तक्रार. पेपर दिसत नाही, सुईचं नेढं दिसत नाही, औषधाच्या बाटलीवरचं दिसत नाही. पण खिडकीकडे पाठ करून नारळ खवत बसली असताना वाडीत कोण शिरलं ते ती सांगते. कौलांवर धप्प झालं तर वानर. टकटक झाली तर कावळा. काहीच न वाजता माळ्यावरचे उंदीर सैरावैरा धावले तर धामण. साळुंक्यांनी एकदम गिल्ला केला तर म्हणते, ‘‘बघ रे, मांजर असेल नाहीतर साप. साळुंक्या उगाच बोंबलत नाहीत.’’ बघावं तर खरोखर पेरूच्या बुंध्याशी काहीतरी सळसळत असतं. एवढं सगळं ज्ञान ती दोनच शब्दांत जाहीर करते : ‘‘आला मेला!’’ मादी असेल तर आली मेली, टोळी असेल तर आले मेले. लिंग आणि संख्या दोन्ही नोंदवून होतात, वही लागत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येतात. त्यांतले एक पक्षीमित्र आहेत. त्यांनी एकदा ओटीवरून दबक्या आवाजात आत्याला सांगितलं, ‘‘आत्या, हलू नका. समोरच्या आंब्यावर राखी धनेश बसलाय. नर आहे.’’

‘‘नरच असणार,’’ आत्या तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. तिचा नेहमीचा आवाज नांदगावच्या बाजारापर्यंत जातो. ‘‘बायको आत कोंडून बसलीय ना. त्या रायवळाच्या ढोलीत. स्वतःच दार लिंपून घेते आणि चोचीएवढी फट ठेवते. अंडी उबवून पोरं जरा मोठी होईस्तोवर ती बाहेर येत नाही. हा उंबरं आणून भरवतो.’’ मग क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘अख्ख्या वाडीत एवढा एकच नवरा कामाचा आहे.’’

पाहुण्यांनी नोंद केली : राखी धनेश, एक. आत्याकडे त्याच पक्ष्याचं सगळं घर होतं. कुठलं झाड, कुठली ढोल, कोण आत, कोण बाहेर, घरात भांडण आहे की नाही. तिला ते ठाऊक होण्याचं कारण निसर्गप्रेम वगैरे नव्हतं. रायवळाचे आंबे कोण खातं याचा तपास करताना ते तिच्या हाती लागलं होतं.

पक्षी पाहायला रिकामपण लागतं, असा एक समज आहे आणि त्याला आधारही भक्कम आहे. या विषयातलं देशातलं सगळ्यांत मोठं नाव आमच्याच जिल्ह्यात, किहीमला, रिकामं बसलं होतं. सलीम अली १९३० मध्ये बर्लिनहून पक्षीशास्त्राचे धडे घेऊन परत आले, तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. दुसरी मनाजोगती नोकरी मिळेना. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले आणि तिथे बया, म्हणजे आपली सुगरण, हा पक्षी पाहत बसले. किहीमकर तेव्हा आपसात काय बोलले असतील ते कुठे लिहिलेलं नाही, पण कोकणातल्या माणसाला ते कळायला पुरावा लागत नाही. एवढा शिकलेला, परदेशी जाऊन आलेला तरणाताठा माणूस ऐन पावसाळ्यात झाडाखाली उभा राहून घरटी मोजतो! लोक तेहमिनाबाईंकडे बघून हळहळले असतील.

त्या रिकामपणात सलीम अलींनी जे पाहिलं ते मात्र आधी कोणी नीट मांडलं नव्हतं. नर गवताच्या पात्याला कडेने चोचीची खाच पाडतो, ती कड चोचीत धरतो आणि उडतो. उडण्याच्या झटक्यानेच हिरवी पट्टी सरळ फाटून हातभर लांब निघते. मग पायाने धरून, चोचीने ओवून, गाठी मारून आधी एक कडं होतं, कड्याची टोपी होते आणि तिथे बांधकाम थांबतं. टोपीला लटकून तो पंख फडफडवत ओरडायला लागतो. माद्या येतात, आत शिरतात, इकडेतिकडे चोचीने ओढून बघतात. पसंत पडलं नाही तर सरळ निघून जातात आणि ते काम कायमचं अर्धवट राहतं. पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली पुरी करतो, खाली नळीसारखं दार विणतो, बाईसाहेब आत राहायला जातात आणि हा गृहस्थ शेजारीच दुसऱ्या घरट्याचं कडं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अर्धवट बांधकाम दाखवून बुकिंग घ्यायचं आणि ताबा दिला की पुढची स्कीम काढायची, हा धंदा किहीमच्या परिसरात कोणी सुरू केला याचा यापेक्षा जुना पुरावा मिळणं कठीण आहे. हे निरीक्षण १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आणि पक्षीशास्त्रात गाजलं. आत्याला मी ते सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, ‘‘धनेशाला सांगू नको.’’

आमच्याकडे मात्र या समजाच्या उलट चालतं. आत्या रिकामी असती तर तिने पक्ष्यांकडे ढुंकून पाहिलं नसतं. ती कामात असते म्हणून तिला सगळं दिसतं. वाळत घातलेली आमसुलं, अंगणातले तांदूळ, परसातली केळी, झाडावरची शहाळी, प्रत्येक वस्तूवर कोणाचा तरी डोळा असतो आणि त्या डोळ्यावर तिचा डोळा असतो. निसर्गाचा अभ्यास म्हणतात तो आमच्याकडे राखणीतून आपोआप निघतो, लोणी कढवताना बेरी निघावी तसा. फुकट आणि न मागता.

राखणीत सगळ्यांत अवघड प्रकरण शेकरूचं. फणसाडात शेकरं बऱ्यापैकी आहेत. शेपटीसकट तीन फूट लांब, तांबूस अंगाचं, झुबकेदार शेपटीचं हे जनावर दिसायला फार देखणं. नारळीवर बसून शहाळ्याला भोक पाडण्याचं त्याचं कसब त्याहून देखणं. पाणी पिऊन, आतली कोवळी मलई खाऊन ते रिकामा गोळा झाडालाच ठेवतं. नारळ पाडायला माणूस वर चढतो, चढण्याची मजुरी घेतो आणि वरून ओरडतो, ‘‘यात काही नाही.’’ आत्याने शेकराला शिव्या द्यायला सुरुवात केली होती. तेवढ्यात शाळेतून आलेल्या माझ्या पुतण्याने तिला बजावलं की शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, पुस्तकात दिलंय.

तेव्हापासून पंचाईत झाली. शेकरू राज्यप्राणी, ते बसतं तो आंबा राज्यवृक्ष, पलीकडच्या उंबरावर येतो तो हरियाल राज्यपक्षी, कुंपणापाशी फुलतो तो ताम्हण राज्यपुष्प आणि त्याच्याभोवती फिरणारं काळंनिळं नीलवंत राज्यफुलपाखरू. आमच्या वाडीत एखाद्या सकाळी अख्खं मंत्रिमंडळ हजर असतं आणि सगळ्यांचा चहा-नाश्ता आमच्या खर्चाने. त्यातला हरियाल जमिनीवर फारसा उतरतच नाही. त्याचे पाय भुईला लागत नाहीत असंच जुने लोक म्हणतात. राज्यपातळीवर पोचल्यावर हे व्हायचंच.

वानरांना असलं काही पद नाही, पण त्यांच्यामागे मारुती आहे. आत्या शनिवारी त्यांना शिव्या देत नाही. वानरांना ते कळलं असावं, कारण मोठी धाड शनिवारीच पडते. आमच्या शेजाऱ्यांनी सगळे उपाय करून पाहिले. डबे वाजवले, सुतळी बॉम्ब लावले, जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. मग कोणीतरी सांगितलं की जुन्या सीडी झाडाला टांगा, चकाकीने वानर बिचकतात. घरोघरी निकामी सीडी पडल्याच होत्या. आरत्यांच्या, लग्नाच्या, बाराखडीच्या सीडी केळींना लटकल्या. दोन दिवस वानर खरोखर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि एका मादीने शेजाऱ्यांच्या लग्नाची सीडी हातात धरून बराच वेळ त्यात आपलं तोंड न्याहाळलं. त्या सीडीकडे इतक्या आवडीने आजवर कोणी पाहिलं नव्हतं, असं शेजारणीचं म्हणणं पडलं.

सगळेच येणारे नुकसान करतात असंही नाही. रात्री वटवाघळं पोफळींवर येतात, पिकलेल्या सुपारीचा वरचा गर चोखतात आणि आतली सुपारी खाली टाकतात. सकाळी टोपली घेऊन गेलं की सुपारी वेचायची. श्रीवर्धनच्या रोठ्यापासून आमच्या साध्या सुपारीपर्यंत सगळीकडे झाडावर माणूस चढवायचा म्हणजे मजुरी आली. वटवाघूळ उलटं लटकून तेच काम मोफत करतं. म्हणून त्याला आत्याची शिवी सौम्य आहे. ‘‘मेलं बरं आहे.’’

सरकारनेही एके काळी शिव्यांची यादी केली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक पाचवं परिशिष्ट होतं. त्यात उपद्रवी म्हणून जाहीर केलेले प्राणी होते : साधा कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदरांच्या जाती. म्हणजे दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याच्या घरीही वाळवण घातलेलं असणार. २०२२ च्या दुरुस्तीने हे परिशिष्ट गेलं आणि १ एप्रिल २०२३ पासून कावळा कायद्याने उपद्रवी उरला नाही. हा बदल कावळ्यांपर्यंत पोचल्याचं दिसत नाही, त्यांचं वागणं तसंच आहे. आत्यापर्यंत तर मुळीच नाही.

कावळा पाहायचा तर कोळीवाड्यात जावं. पावसाळा सरला की वलांड्यांवर बोंबील वाळायला लागतात, खाली जमिनीवर जवळा पसरतात, आणि त्यापाशी एक म्हातारी काठी घेऊन बसते. वरून घारी येतात, त्यांतली तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार सगळ्यांत रुबाबदार. ती झेप घेते, एक बोंबील उचलते आणि जाते. लाज नाही, लपवाछपवी नाही. कावळ्याचं तसं नाही. तो आधी दहा पावलांवर उतरतो आणि जवळ्याकडे पाठ करतो. बाटलीचं एक बूच सापडतं, ते उलटसुलट करून बघतो. मग तिरका चालत दोन पावलं मागे येतो, बूच पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. म्हातारीने मान वळवली की आणखी दोन उड्या. या साऱ्या वेळात त्याने जवळ्याकडे एकदाही पाहिलेलं नसतं. म्हातारी शेजारणीशी बोलायला लागते आणि पुढच्या क्षणी बूच जमिनीवर असतं, कावळा हवेत असतो आणि चोचीत जवळ्याचा बुकणा असतो. म्हातारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मग मला म्हणते, ‘‘ह्यो रोजचाच हाय. उजव्या पायाचं नख तुटलंय त्याचं.’’ हजारो कावळ्यांतला एक कावळा ओळखायचा तर शास्त्रज्ञांना त्याच्या पायात कडी घालावी लागतात.

आणि याच कावळ्यासाठी अख्खा मराठी समाज आयुष्यात एकदा तरी अस्सल पक्षीनिरीक्षक होतो. दहाव्याच्या दिवशी पिंड ठेवला की एरवी समोरचा गरुड न दिसणारी माणसं श्वास रोखून झाडाकडे बघतात. कोणी खोकत नाही, फोन बंद असतात, लहान पोरांना दटावून मागे सरकवतात. कावळा आला, बसला, शेजारच्या फांदीवर गेला, चोच पुसली, अशी कुजबुजत्या आवाजात नोंद चालते. उशीर झाला की वाटाघाटी सुरू होतात : ‘‘धाकटीचं लग्न आम्ही करू’’, ‘‘बांधाचा वाद मिटवू’’. एवढ्या एकाग्रतेने आणि एवढ्या स्वार्थत्यागाने पक्षी पाहणारा दुसरा समाज जगात नसेल. पिंडाला कावळा शिवला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि घरी येऊन पापडाला चोच लावणाऱ्या दुसऱ्या कावळ्याला चप्पल फेकून मारतात.

घराबाहेरच्यांचं ठीक आहे, घरातल्यांवर लक्ष ठेवणं जोखमीचं असतं. माळ्यावर धामण राहते ती उंदरांसाठी, तिच्यावर आत्याचा राग नाही. परसात मुंगूस दिसलं की ‘‘जाऊ दे, कामाला निघालंय’’ म्हणते. पण फुरसं आणि विंचू यांच्या बाबतीत तिची शिस्त लष्करी आहे. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही, लाकडं काठीने हलवल्याशिवाय उचलायची नाहीत, अंथरूण उलटून बघायचं. हा निव्वळ म्हातारपणाचा भित्रेपणा नव्हे. आमच्याच जिल्ह्यात महाडकडे लाल विंचवाने एके काळी माणसं हकनाक मरत. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर त्या रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप सगळं टिपत राहिले. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचुदंशावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला ते छापावं लागलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नीट पाहत बसणारा माणूस रिकामटेकडा वाटतो खरा, पण त्याच्या पाहण्यावर किती लोक जगले हे महाडच्या आसपासच्या घरांत विचारावं. आत्या त्यांचं नाव निघालं की हात जोडते आणि विंचवाचं नाव निघालं की चप्पल घेते.

जूनमध्ये पाऊस आला की वाडीतला कारभार बदलतो. त्याच्या आधीच पावशा जीव तोडून ‘पेर्ते व्हा’ ओरडायला लागलेला असतो. त्याचं ऐकून पेरणी करणारे शेतकरी आता थोडेच उरले आहेत, बाकीचे हवामान खात्याचं ऐकतात आणि मग दोघांनाही बोलतात. नवरंग पावसाच्या तोंडाशी येतो, झुडपात बसून दोन सुरांची शीळ घालतो आणि अंगावरचे सगळे रंग पाचोळ्यात लपवतो. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या अभयारण्यात त्याच सुमाराला तिबोटी खंड्या येतो. मुठीत मावेल एवढा, निळा-जांभळा-केशरी, चिमुकला. त्याच्यासाठी हातभर लांबीच्या लेन्स घेऊन माणसं ओहोळाच्या काठी चिखलात तासन् तास बसून राहतात, जळवा लावून घेतात आणि खूश होऊन घरी जातात. आत्याला हे पटत नाही. तिच्या मते, जो काही खात नाही, नासत नाही, चोरत नाही त्याच्याकडे एवढा वेळ बघण्यासारखं आहे काय?

हिवाळ्यात पाहुणे समुद्राकडून येतात. अलिबागजवळ आक्षीच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी चिखल्या, तुतवार, कुरव यांची जत्रा भरते. बावळट माणसाला मुंबईत ‘अलिबागसे आया है क्या’ विचारतात. अलिबागकरांना ते इतकं लागलं की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आक्षीच्या वाळूवर एका पायावर डुलक्या घेणाऱ्या कुरवांना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. मध्य आशियातल्या सरोवरांवरून डोंगर ओलांडून आलेला पक्षी अलिबागला थांबतो यात त्याचं शहाणपण आहे, एवढं न्यायालयात कोणी मांडायला हवं होतं.

आमच्या बाजूला उंच झाडावर काकणाचं, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं, काटक्यांचं भलंमोठं घरटं आहे. त्याच्याखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडतात. ज्यांच्या अंगणात हे पडतं त्या काकू रोज झाडताना गरुडाला बडबडतात. एकदा लाकडाचा व्यापारी ते झाड मागायला आला. पैसे चांगले देत होता. काकूंनी त्याला जे सुनावलं ते गरुडाला आजवर सुनावलेल्या सगळ्याहून भारी होतं. ‘‘त्याचं घर आहे वर, दिसत नाही का मेल्या तुला?’’

इथल्या शिवीचा हा हिशोब बाहेरच्याला चटकन कळत नाही. ज्याला रोज बोलतो त्याचं येणंजाणं, खाणंपिणं, पोरंबाळं ठाऊक असतात. परक्याला कोणी असं बोलत नाही, त्याला ‘या, बसा’ म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या करून गेलं. पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. त्यानंतर बरेच दिवस वानर फिरकले नाहीत, खायला होतं काय? कौलं नव्हतीच, त्यामुळे धप्पही नव्हतं. ताडपत्रीखाली बसून आत्या सरकारी मदतीबद्दल, विजेबद्दल, पडलेल्या झाडांबद्दल काही बोलली नाही. रोज सकाळी जंगलाच्या अंगाला बघून तेवढं विचारायची, ‘‘कुठे मेले सगळे?’’ पुढे एका सकाळी नव्या पत्र्यावर धडाम् आवाज झाला. ती उठली, काठी घेतली आणि बाहेर जाऊन तोंड भरून बोलली. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. वाडी सावरणार, हे पंचनामा करणाऱ्यांच्या आधी आम्हाला कळलं होतं.

वादळानंतर किनाऱ्यावर जमिनी विकल्या गेल्या आणि आमच्या शेजारीही दादरच्या एका निवृत्त साहेबांनी बंगला बांधला. साहेब सज्जन आहेत. आल्या आल्या त्यांनी पक्ष्यांसाठी मातीची भांडी भरून ठेवली, बाजरीचे दाणे टाकले आणि व्हरांड्यात पक्ष्यांच्या चित्रांचा तक्ता लावला. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश त्यांच्या टेबलावर असतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह, चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरू होऊन सलीम अलींच्या वाढदिवशी संपणारा, ते मनापासून पाळतात. आमच्या पोरांना त्यांनी दुर्बिणीतून हळद्या दाखवला. सकाळी अंगणात वानर दिसले की हळूच बायकोला हाक मारायचे, ‘‘अगं, ये लवकर, काय गोड आहे पिल्लू!’’

मग त्यांनी केळी लावल्या. त्यांना घड आला. घडाला त्यांनी निळी पिशवी बांधली, तिचा फोटो नातवंडांना पाठवला, आणि घड तयार झाल्याच्या सकाळी आमच्या ओटीपर्यंत त्यांचा आवाज आला. इतकी वर्षं कार्यालयीन मराठी बोलून त्यांना रागही तसाच येत होता. ‘‘अहो! हे योग्य नाही! निघा इथून!’’ वानरांनी केळी सोलता सोलता एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं केळं घेतलं. आत्याने नारळ खवता खवता मान हलवली. ‘‘अहोजाहो करून वानर जातो होय?’’

दुपारी साहेब स्वतःच आले. हातात तीच नोंदवही होती, ज्यात ते पक्ष्यांची नावं लिहितात. आत्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, ‘‘आत्या, तुम्ही ते काय बोलता, ते जरा सांगाल का? कोणाला काय?’’

आत्याने खवणी बाजूला ठेवली. जाणकार माणूस मिळाल्यावर चढते तशी कळा तिच्या चेहऱ्यावर चढली. वानराला त्याच्या बापजाद्यांवरून बोलायचं, पण शनिवार सोडून. कावळ्याला बोलताना त्याच्याकडे बघायचं नाही, तोही बघत नाही. घारीवर शब्द वाया घालवायचा नाही, ती ऐकायला थांबत नाही. वटवाघळाला बोलायचं ते सुपारी वेचून झाल्यावर. धनेशाला काहीच नाही, तो बिचारा बायकोत आहे. साहेब शाळकरी पोरासारखे खाली मान घालून भराभरा लिहीत होते.

‘‘आणि शेकरू?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काल एक शहाळं...’’

‘‘त्याला नाही हो बोलायचं,’’ आत्या गंभीरपणे म्हणाली. ‘‘तो सरकारी आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा.’’